ग्राला आजीच्या खिडक्या

आमच्या गल्लीत ऐन जानेवारीत कुणाच्या खिडक्या सताड उघड्या दिसल्या तर ते घर ग्राला आजीचं, हे पोस्टमन डोळे मिटून सांगायचा. बाहेर गटाराच्या झाकणांवर बर्फ धरलेला, आणि आत ट्रूडे ग्राला बिनबाह्यांच्या झग्यात बटाटे सोलत बसलेली. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, "मफलरं गुंडाळून कुठं हिंडताय? या आत, उकडून निघाल, काय." हा 'काय' म्हणजे प्रश्न नव्हे. म्हातारी माणसं उठताना गुडघ्यावर हात टेकतात, तसा तो ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी टेकायची. "आज बुधवार आहे, काय." "माझा नवरा खाणीतला माणूस आहे, काय."

खाणीतला माणूस, हे त्या घरातल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर होतं. रूर खोऱ्यातली आमची ही वसाहत खाणीसाठीच बांधलेली. खाण चालू होती तोवर प्रत्येक कामगाराच्या घरी कोळसा फुकट यायचा. गाडी दारासमोर काळा ढीग ओतून जायची, मग अख्खं घर फावडी घेऊन तो तळघराच्या खिडकीतून आत लोटायचं. जे आपोआप दाराशी येऊन पडतं ते जपून वापरायचं कुणाला सुचणार? स्वयंपाकघरातली लोखंडी शेगडी ऑक्टोबरात पेटली की एप्रिलपर्यंत विझायची नाही. खोली फार तापली की खिडकी उघडायची, गार झाली की लावायची. थंडीविषयी ग्राला आजीला एवढंच माहीत होतं आणि पन्नास वर्षं तेवढं पुरलं.

पुढे घरात गॅस आला. भिंतींवर रेडिएटर लागले. प्रत्येकाला पिळायला एक कान, आणि त्या कानावर चांदणीपासून पाचापर्यंत खुणा. चांदणी म्हणजे पाइप गोठू नयेत इतपत ऊब, पाच म्हणजे आफ्रिका. आजीनं सगळे कान एकदाच पाचावर नेऊन ठेवले आणि परत त्यांना हात लावला नाही. जास्त झालं तर खिडकी होतीच.

आमचं घर तिच्या घराला जोडून, मधे एकच भिंत. माझे आजोबा हुस्नू काराकुश, ज्यांना आम्ही देदे म्हणतो, ते तुर्कस्तानातल्या कोळशाच्या गावातून निघाले आणि इथल्या कोळशात येऊन पडले. "खड्डा बदलला, काळोख तोच," असं ते पाहुण्यांना सांगतात आणि पाहुणे हसले नाहीत तर पुन्हा सांगतात. आजीचा नवरा आल्फोन्स आणि देदे एकाच पाळीला, एकाच पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली जायचे. पाळणा चालवणाऱ्याला घंटी मारून सांगायचं असतं: एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. निवृत्त झाल्यावर दोघांनी ही भाषा घराच्या भिंतीवर आणली. सकाळी उठल्यावर आल्फोन्स आजोबा काठीनं दोन ठोके मारायचे: वर आलो. देदे चमच्यानं दोन ठोके मारून उत्तर द्यायचे. तीन ठोके कधीच नाहीत. "तीन मी मेल्यावर मार," आल्फोन्स आजोबा म्हणायचे.

खरं तर ते असं सलग म्हणायचे नाहीत. फुप्फुसांत खाणीची धूळ बसलेली, त्यामुळे त्यांचं वाक्य हप्त्याहप्त्यानं यायचं. "हुस्नू... तुझे टोमॅटो... औंदाही मेले." आणि देदे मधल्या प्रत्येक थांब्यावर मान डोलवत, पुढचा हप्ता येईपर्यंत चहा ढवळत.

ती मधली भिंत कायम कोमट असायची. तिला लागून आमची एक खोली आहे, तिथला रेडिएटर लावलेला मी कधी पाहिला नव्हता. आई विचारायची तेव्हा देदे म्हणायचे, "ट्रूडे आहे ना."

मग गॅस महागला तो हिवाळा आला. महिन्याचा हप्ता एकदम तिप्पट झाल्याचं पत्र घरोघर आलं. आमच्याकडे आईनं ते फ्रिजवर चिकटवलं, दार उघडताना प्रत्येकाला लाज वाटावी म्हणून. ग्राला आजीनं ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मुलीला फोन लावला. मुलगी बेआटे म्युन्स्टरला असते. आजीला कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्यानं चालतो, त्यामुळे बेआटेचं बोलणं आमच्या अंगणापर्यंत पोचतं.

"मम्मा, मी फक्त म्हणतेय. इथल्या वृद्धाश्रमात पपांसाठी जागा होतेय. तिथं रात्रंदिवस चोवीस अंश असतं. मी फक्त म्हणतेय."

"तुझे पपा घरी आहेत, काय."

"डॉक्टर म्हणाले ना, गारठा नको, ओल नको? तुझ्या पेन्शनीत ते घर तापणार आहे का? मी फक्त म्हणतेय, मम्मा."

आजीनं फोन ठेवला. कारण तिनं शब्द दिलेला होता. आल्फोन्स आजोबांनी तो सगळ्यांसमोर, आमच्या अंगणात, देदेंच्या मेलेल्या टोमॅटोंसमोर घेतला होता. "आयुष्यभर... चाळीस जणांत चेंगरून... पाळण्यात गेलो. मरताना... माझा पलंग पाहिजे... माझ्या घरात." आजीनं हात पुढे केला होता आणि त्यांनी तो खाणीतल्यासारखा दाबला होता. आता शब्द पाळायचा तर घर गरम हवं, आणि घर गरम ठेवायचं तर जी गोष्ट तिनं जन्मात केली नाही ती शिकायला हवी: ऊब जपून वापरणं.

शिकवायला आली धुराडेवाली. तिचं नाव वीबके लोहोफ. काळं जाकीट, सोनेरी बटणं, गालावर कायम एक काजळाचा डाग. तो खरा की लावलेला, यावर गल्लीत दोन तट आहेत. धुराडी झाडणाऱ्याच्या बटणाला हात लावला की नशीब फळफळतं म्हणतात. आल्फोन्स आजोबांनी लावला. "दरवर्षी लावतो... अजून... वाट बघतोय."

वीबके आता नुसतं धुराडं बघत नाही, गॅस कसा वाचवायचा तेही सांगते. तिचं प्रत्येक वाक्य "तर कसं असतं बघा" असं सुरू होतं. तिनं ऊब दाखवणारा कॅमेरा काढून बाहेरून घरभर फिरवला आणि आत येऊन पडदा दाखवला. खिडक्यांच्या कडा लालभडक, दाराची फट लाल, छताचा कोपरा नारिंगी.

"तर कसं असतं बघा, ग्राला बाई. हे लाल दिसतंय तिथून तुमचे पैसे बाहेर चाललेत."

"छान दिसतंय," आल्फोन्स आजोबा म्हणाले. "शेगडी... पेटल्यासारखं."

शेगडी तिथंच होती, पाइप काढलेली, डोक्यावर जिरॅनियमची कुंडी घेऊन. आजीनं तिच्याकडे बोट केलं. "ही लावून दे ना परत. तळघरात शेवटच्या गाडीतला कोळसा आहे, काय. ह्यांनी देवासारखा झाकून ठेवलाय."

"धुराड्यातून आता गॅसचा पाइप गेलाय. एका धुराड्यात दोघं नाही नांदत."

"म्हणजे पायाखाली कोळसा आणि वर आम्ही गारठायचं, काय."

"तसंच," वीबके म्हणाली. मग तिनं बोटांवर मोजत सांगितलं: एकच खोली धरा, बाकी दारं बंद ठेवा, फटी बुजवा, कान तीनावर आणा. "आणि दिवसातून तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. पाच मिनिटं. मग घट्ट बंद."

आजीनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली. वीबके गेल्यावर मात्र कुंपणापाशी येऊन देदेंना म्हणाली, "पोरगी गोड आहे, हुस्नू, पण लहानपणी धुराड्यातून पडलेली दिसते. गार खोलीची खिडकी उघडायची म्हणे. ऊब वाचवायला ऊब बाहेर सोडायची, काय."

देदे इतके हसले की चहा नाकातून आला. मीही हसले. खिडकी उकडलं तर उघडायची असते, हे खाणीच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाकीचं सगळं तिनं असं पाळलं की विचारू नका. आल्फोन्स आजोबांचा पलंग स्वयंपाकघरात आला, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कारण दुसरीकडे तो मावेना. बाकी सगळ्या खोल्यांचे कान चांदणीवर. खिडक्यांच्या कडांना चिकटपट्टी, दाराच्या उंबऱ्याला गुंडाळलेलं ब्लँकेट, कुलपाच्या भोकात कापूस. कपडे वाळवायची दोरी स्वयंपाकघरात आली. सूप दिवसभर मंद आचेवर, कारण तीही ऊबच. जी बाई जानेवारीत खिडक्या उघड्या टाकून बसायची, ती आता दारात घुटमळणाऱ्यावर खेकसू लागली, "आत यायचं तर ये, नाहीतर बाहेर राहा. उंबऱ्यात उभी राहून माझी ऊब पिऊ नकोस, काय." पोस्टमनला पत्रं पेटीच्या फटीतून टाकायची बंदी झाली, ती फटही बुजवलेली. तो बिचारा खिडकीवर टकटक करून पत्र नाचवून दाखवायचा, आणि आजी आतून हातवारे करायची: पायरीवर ठेव.

नोव्हेंबरात एके दिवशी देदेंनी मधल्या भिंतीला तळवा लावला आणि तो तिथंच ठेवून म्हणाले, "ट्रूडे बंद झाली." मग त्या खोलीचं दार आम्ही ओढून घेतलं.

ख्रिसमसला बेआटे आली. स्वयंपाकघराच्या काचांवरून पाण्याचे ओघळ चाललेले, दोरीवर विजारी, सुपाची वाफ, आणि त्यात तिचे पपा रजईखाली लालबुंद गालांनी बसलेले. आजीनं तिला तळघरातल्या गॅसच्या मीटरपुढं नेऊन उभं केलं. परत वर आल्यावर बेआटे म्हणाली, "छान केलंस, मम्मा. मी फक्त म्हणतेय." आजीनं हे वाक्य आठवडाभर गल्लीला वाटलं, घरात कोळसा होता तेव्हा कोळसा वाटायची तसं.

आल्फोन्स आजोबांची वाक्यं मात्र आता पाच-सहा हप्त्यांत यायला लागली होती. सकाळचे दोन ठोके उशिरा यायचे आणि त्यांच्यात अंतर पडायचं. देदे चमचा हातात धरून दुसऱ्याची वाट बघायचे. हिवाळाच वाईट आहे, असं सगळे म्हणाले.

जानेवारीत वीबके आमचं धुराडं बघायला आली, तेव्हा आजीनं तिला कुंपणावरूनच अडवलं. "तो तुझा कॅमेरा आण जरा. दाखव मला आता लाल कुठं दिसतंय ते, काय." देदे आणि मीही मागोमाग गेलो. विजय बघायला कुणाला आवडत नाही?

वीबकेनं कॅमेरा आधी बाहेरून खिडकीवर धरला. निळं, शांत. दारावर धरला. निळं. आजी प्रत्येक निळ्याला आमच्याकडे वळून बघत होती. आत आल्यावर आल्फोन्स आजोबांनी पलंगावरून टाळी वाजवायला हात उचलले आणि खोकला आला म्हणून परत ठेवले. मग कॅमेरा त्यांच्या उशीच्या वरून कोपऱ्यात गेला आणि वीबकेचा हात थांबला. पडद्यावर पलंगामागची भिंत जांभळी, जवळजवळ काळी दिसत होती, म्हणजे बर्फासारखी गार. तिनं नाकानं हवा ओढली.

"पलंग जरा पुढे घेऊ या का?"

देदेंनी आणि तिनं मिळून पलंग ओढला. भिंत जमिनीपासून उशीच्या उंचीपर्यंत काळी होती. रंगवल्यासारखी नाही, केसाळ. मधेच भिंतीचा कागद सुटून लोंबत होता आणि त्याची मागची बाजूही काळी. ख्रिसमसपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, आल्फोन्स आजोबा त्या बुरशीला डोकं टेकून श्वास घेत होते.

आल्फोन्स आजोबांनीच मान वळवून नीट निरखून बघितलं, पूर्वी खाणीत थर बघायचे तसं.

"ट्रूडे... कोळसा लागला," ते म्हणाले. "एवढ्या खाली... उतरायची... गरजच नव्हती."

"खिडक्या उघडत होतात ना?" वीबकेनं विचारलं. तर कसं असतं बघा, असं ती या वेळी म्हणाली नाही.

"थंडीत?" आजी म्हणाली.

वीबके खुर्चीच्या काठावर बसली. शेगडीकडे बघत, हळू आवाजात तिनं सांगितलं. शेगडी जळायची तेव्हा खोलीतली हवा ओढून धुराड्यातून वर न्यायची. सुपाची वाफ, ओले कपडे, माणसांचा श्वास, सगळी ओल तीच गिळायची, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. आता ते गिळणारं कुणी नाही. ओल खोलीतच फिरते, सगळ्यात गार भिंत शोधते आणि तिथं बसते. म्हणून तीनदा, पाच मिनिटं.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तू चुकून बोललीस." वाक्य तिथंच संपलं. त्याच्याखाली टेकायला तिनं 'काय' ठेवला नाही.

चिकटपट्ट्या तिनं त्याच दुपारी ओरबाडून काढल्या. भिंत घासली, पलंग दुसऱ्या भिंतीला नेला. पण दोन दिवसांनी आल्फोन्स आजोबांना ताप चढला आणि रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी देदेंकडे बघून हवेतच बोटानं दोन ठोके मारले. इस्पितळातून त्यांना घरी पाठवायला डॉक्टर तयार होईनात. त्या घरात नाही, म्हणाले. बेआटे आली. ती 'मी फक्त म्हणतेय' म्हणेल म्हणून आम्ही वाट बघत होतो, पण तिनं आईचा कोट आईच्या खांद्यावर नीट केला आणि वृद्धाश्रमाला फोन करायला बाहेर गेली. म्युन्स्टरची जागा गेलेली. आमच्याच गावातली एक मिळाली. आल्फोन्स आजोबा आजीला म्हणाले, "तू शब्द... मोडला नाहीस. छत... खचलं. होतं असं... खाणीत."

आजीला ते पटल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा वृद्धाश्रमात खरोखरच इतकं गरम होतं की देदेंच्या चष्म्यावर धुकं आलं. आल्फोन्स आजोबा पुन्हा जुन्यासारखे बनियनवर बसलेले. आजी शेजारी, कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. रोज सकाळी बसनं जायची ती संध्याकाळचं जेवण वाढेपर्यंत तिथंच असायची.

"उकडतंय... ट्रूडे," ते म्हणाले. "खिडकी उघड."

ती उठली. खिडकी सताड उघडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून उभी राहिली. गार वारा आत आला, कॅलेंडरची पानं फडफडली. बाहेरून जाणारी एक परिचारिका म्हणाली, "अहो ग्राला बाई, आम्ही काय रस्ता तापवतोय का?" आजीनं वळूनही बघितलं नाही. पाच मिनिटं झाल्यावर तिनं खिडकी लावली.

"अजून... थोडी," आल्फोन्स आजोबा म्हणाले.

"नाही. पाच मिनिटं."

घरी तिनं आता स्वयंपाकघराचाही कान चांदणीवर नेला. एकटीसाठी काय तापवायचं, म्हणाली. पण जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा आणि झोपण्याआधी एकदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, हे चुकलं नाही. आत बाहेरइतकंच गार. पडदे बाहेर येऊन लोंबायचे. देदेंनी एकदा फुटपाथवरून हाक मारली, "ट्रूडे, कुठली हवा कुठं पाठवतेस?"

"नियम आहे, हुस्नू," ती वरून म्हणाली आणि घड्याळाकडे बघायला आत गेली.

त्या संध्याकाळी देदेंनी मधल्या भिंतीच्या खोलीचं दार उघडलं, गुडघ्यावर बसले आणि तिथल्या रेडिएटरचा कान पिळून चारावर आणला. इतकी वर्षं न वापरलेला तो पाइप आधी खाकरला, मग कण्हला, मग तापू लागला. आई हातात ओलं फडकं घेऊन धावतच आली.

"बाबा, या खोलीत कुणी बसत नाही."

"मी बसतो."

"फ्रिजवरचं पत्र वाचलंय ना तुम्ही?"

"रोज वाचतो," देदे म्हणाले. "तीस वर्षं तिनं आपली भिंत तापवली. तेव्हा तू कुठं पत्र चिकटवलंस?"

आई मग जाऊन त्यांच्यासाठी चहा घेऊन आली आणि दाराखाली चटई सरकवून गेली.

देदे रोज तिथं बसू लागले, भिंतीला पाठ लावून, चहाचा ग्लास गुडघ्यावर. काही दिवस काहीच झालं नाही. मग एका संध्याकाळी, आजी वृद्धाश्रमातून परत आल्यावर, पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ओढत, थांबत, पुन्हा ओढत. खुर्ची भिंतीला येऊन टेकली. टीव्हीची कुजबुज सुरू झाली. नंतर टीव्ही बंद झाला आणि भिंतीवर ठोका पडला.

एकच. थांब.

चहाचे ग्लास गोळा करायला आलेली आई दारातच थबकली. तीही याच गल्लीत वाढलेली. एक ठोका म्हणजे काय हे तिला सांगायला नको होतं. देदेंनी चहाचा घोट घेतला.

"बाबा, त्या रेडिएटर बंद करा म्हणतायत."

"मला नाही ऐकू आलं. खाणीत कान गेले माझे."

तीन घरांपलीकडे कुणी मिठाईचा डबा उघडला तर देदेंना ऐकू येतं.

पलीकडून पुन्हा ठोका आला, एकच, पहिल्यापेक्षा जोरात. देदेंनी ग्लास खाली ठेवला, हात लांब करून रेडिएटरचा कान चारावरच आहे ना तेवढं चाचपून बघितलं, आणि हात परत मांडीवर घेतला.

तिसऱ्यांदा ठोका आला नाही. खुर्ची परत ओढल्याचा आवाजही आला नाही.